टोकन एक्केचाळीस

गंगापूर रोडला, आनंदवलीच्या अलीकडे
फुटपाथभर माणसं उभी.
हातात लाकडी टोकन, आमचं एक्केचाळीस,
आत आकडा चाललाय सव्वीस.
जानेवारीची थंडी, नदीकडचा वारा,
आणि नवरा तिसऱ्यांदा म्हणाला,
एवढ्यात दोन मिसळी झाल्या असत्या, जादा पाव धरून.

जसुमतीबेन मात्र पानवाल्याकडून
खुर्ची मागून बसलेल्या,
शालीत गुंडाळून, पाय हलवत.
आमच्या खालच्या मजल्यावर राहतात.
सोसायटीत सगळे त्यांना रंगूनवाल्या म्हणतात,
पोस्टमनसुद्धा.
चौसष्ट साली बोटीने आल्या, आठ वर्षांच्या.
धक्क्यावर आईच्या बांगड्या उतरवून घेतल्या,
हिच्या कानातल्या रिंगा तेवढ्या राहिल्या,
कारण साहेबाला शिंक आली.
हे त्या दर दिवाळीला सांगतात,
शिंकेसकट.

मीच म्हटलं होतं, चला,
तुमच्या गावचं जेवण आलंय नाशकात.
मला वाटलं होतं, त्या रडतील.
खरं सांगते, पर्समध्ये जादाचा रुमाल होता.

आत पिवळे कंदील, गर्दी, भांड्यांचा कल्ला.
मेनूच्या पहिल्याच ओळीत
चहाच्या पानांची कोशिंबीर.
चहा काय चावायचा? असं म्हणून
नवऱ्यानेच बशी पुढे ओढली.
तळलेला लसूण, तीळ, शेंगदाणे, डाळ.
"भेळच की गं ही," तो म्हणाला,
"फक्त शिकलेली."

मग वाडगे आले.
शेवयांवर नारळाचा रस्सा, वाफ चष्म्यावर,
आणि भोवती इवल्या इवल्या वाट्या.
रश्शाला बेसन लावलेलं.
मी ते जिभेवर ओळखलं,
परक्या लग्नात
माहेरचं माणूस दिसावं तसं.

जसुमतीबेननी पहिला घास घेतला.
आम्ही दोघं चमचे खाली ठेवून
दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखे.
त्या चावत राहिल्या.
लिंबू पिळलं.
पुन्हा एक घास.
"मीठ बरोबर आहे."
बस्, एवढंच.

तेवढ्यात आतून आचारी आला, हात पुसत.
वेटरने लावलं असणार, सात नंबरला बर्माची बाई आहे.
हिरामण भोये, सुरगाण्याचा, पंचविशीतला.
बर्मा त्याने पाहिला नव्हता,
नकाशातसुद्धा शोधायला वेळ झाला नव्हता.
"आजी, तुमच्याकडं असंच असतं ना?"
विचारताना त्याचा एक पाय
स्वयंपाकघराकडेच वळलेला.

जसुमतीबेननी मान वर केली.
त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
"अगदी असंच, दीकरा.
अगदी."
तो गेला, आणि आत
झाऱ्याचा आवाज वाढला.

रिक्षात तिघं चेपून बसलो.
अशोक स्तंभाच्या सिग्नलला
कुणी न विचारता त्या म्हणाल्या,
"मी ते कधी खाल्लंच नव्हतं.
आम्ही वैष्णव. बापूजी घरात कांदा येऊ देत नव्हते.
खिडकीखालून जायचा तो माणूस, खांद्यावर कावड,
एका बाजूला चूल, एका बाजूला वाडगे,
बांबूच्या पट्ट्या वाजवत.
मासळीचा वास यायचा म्हणून बा खिडकी लावायची.
मी फटीला नाक लावायची."

नवरा गप्प.
मी म्हटलं, मग त्याला असंच म्हणून कसं सांगितलंत?
"पोराने विचारलं ना.
आणि इथे दुसरं कोण सांगणार होतं त्याला?"

सिग्नल सुटला.
त्यांनी शालीतून हात बाहेर काढला,
मुठीत लाकडाचा तुकडा, एक्केचाळीस.
अहो, टोकन द्यायचं राहिलं!
त्या ऐकत नव्हत्या.
रिक्षाच्या दांडीवर वाजवून पाहत होत्या,
आधी एकदा, मग थांबून दोनदा,
टॉक.
टॉक, टॉक.
नाही, मान हलवून पुन्हा, जरा हळू.

रिक्षावाल्याला वाटलं, उतरायचंय.
त्याने करकचून ब्रेक दाबला.